इंजिनाचा टेम्परेचर सेन्सर खरंच गेलाय का? बदलण्याआधी असं तपासा

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर कूलंट टेम्परेचर सेन्सरचं नाव येतं, लगेच नवा सेन्सर बसतो आणि आठवड्याभरात तोच दिवा पुन्हा लागतो. या फेऱ्यातून मी गेलो आहे. माझ्या गाडीचा जुना सेन्सर धडधाकट होता. कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट गंज चढला होता, एवढंच. तो गंज डोळ्यांनी दिसत होता, पण कनेक्टर उघडून कुणी पाहिलंच नव्हतं.

तपासणी सुरू करण्याआधी एक प्रश्न मनात पक्का धरा: इंजिनाचं तापमान बिघडलंय, की तापमानाचा आकडा बिघडलाय? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नाचं उत्तर शोधते. हत्यार म्हणून एक मल्टिमीटर आणि एक साधा स्कॅनर पुरतो.

सेन्सर काम कसा करतो, हे आधी समजून घ्या

हा भाग वगळू नका. तो कळला की पुढच्या चाचण्या पाठ कराव्या लागत नाहीत.

सेन्सरच्या टोकात एक थर्मिस्टर असतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) थंड असताना त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, जास्त असतो, कूलंट तापत जातं तसा तो घटतो. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आपल्या आतल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सरच्या वायरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. व्होल्ट जास्त म्हणजे इंजिन थंड, व्होल्ट कमी म्हणजे इंजिन गरम.

यातून दोन गोष्टी निघतात. वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला तर करंट वाहतच नाही, पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीयूला वाटतं की इंजिन उणे ४० अंशांवर गारठलंय. उलट, सिग्नलची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर व्होल्ट शून्यावर येतात आणि आकडा १३० अंशांच्याही वर जाऊन बसतो. स्कॅनरवर उणे ४० दिसलं की ओपन सर्किट, अशक्य वाटावं इतकं जास्त तापमान दिसलं की शॉर्ट, एवढं ध्यानात ठेवा.

गंजाचं गणितही इथेच आहे. पिनेवर गंज चढला की रेझिस्टन्स वाढतो आणि इंजिन आहे त्यापेक्षा थंड दिसतं. कनेक्टरमध्ये पाणी शिरून दोन पिनांमध्ये गळती सुरू झाली तर रेझिस्टन्स कमी होतो आणि इंजिन आहे त्यापेक्षा गरम दिसतं.

काय काय जवळ हवं

- डिजिटल मल्टिमीटर
- लाइव्ह डेटा दाखवणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला जोडायचा). मोबाइलला जोडायचा छोटा अडॅप्टरही चालतो
- तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, किंवा निदान सेन्सरची जागा, वायरचे रंग आणि रेझिस्टन्सचा तक्ता
- लेझर पॉइंटरवाला इन्फ्रारेड थर्मामीटर (असला तर उत्तम)
- कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश
- ३३० ओहम आणि २.२ किलोओहमचे दोन साधे रेझिस्टर
- सेन्सर काढावा लागलाच तर योग्य मापाचा खोल सॉकेट, नवा वॉशर किंवा ओ-रिंग, आणि गाडीला चालणारं कूलंट

१. इंजिन खरंच तापत नाहीये ना, हे सगळ्यात आधी पाहा

काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर ‘सेन्सरच खराब असेल’ असं म्हणून गाडी पुढे दामटू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा. हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) जाण्यापर्यंतची वेळ याच एका गैरसमजातून येऊ शकते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंटची पातळी पाहा. गरम रेडिएटरचं किंवा प्रेशर असलेल्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली १०० अंशांच्या वर असू शकतं. दाब सुटताच ते उकळून अंगावर येतं आणि चेहरा-हात भाजून काढतं. दुसरी काळजी फॅनची. इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागू शकतो, तेव्हा बोटं, बाही आणि मीटरच्या वायरी त्याच्यापासून लांब ठेवा.

पातळी कमी असेल तर तपासणी इथेच थांबवा आणि गळती शोधा. सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असेल तरच तो खरं सांगतो. त्याच्याभोवती हवेचा फुगा अडकला तर इंजिन भाजत असतानाही आकडा कमी दिसू शकतो, किंवा काटा वर-खाली उड्या मारतो. नुकतंच कूलंट बदललं असेल आणि त्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर पहिला संशय हवेवर घ्या.

२. लक्षणं जुळतात का?

तापमानाचा हा आकडा पेट्रोल किती सोडायचं, आयडलिंग किती ठेवायचं, इग्निशनची वेळ कोणती, फॅन कधी लावायचा, एसीचा कॉम्प्रेसर कधी बंद करायचा, अशा कितीतरी गोष्टी ठरवतो. डिझेल गाडीत ग्लो प्लग किती वेळ तापवायचे तेही त्यावरच ठरतं. त्यामुळे लक्षणं विखुरलेली असतात.

सेन्सर ‘थंड’ सांगत अडकला असेल तर गरम इंजिनालाही जास्त पेट्रोल मिळतं: ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लग काळे पडतात, गरम गाडी पुन्हा चालू व्हायला त्रास देते. ‘गरम’ सांगत अडकला असेल तर सकाळी थंड गाडीला पुरेसं पेट्रोल मिळत नाही. सेल्फ मारत राहावं लागतं, चालू झाली तरी ती धडपडत चालते किंवा बंद पडते. आणि सिग्नल पूर्ण तुटला असेल तर बहुतेक ईसीयू खबरदारी म्हणून फॅन सतत फिरता ठेवतात. सकाळी थंड गाडी चालू करताच फॅन पूर्ण वेगाने सुटत असेल तर ती मोठी खूण आहे.

मात्र यातलं एकही लक्षण फक्त या सेन्सरचं नाही. गळका इंजेक्टर, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह), खराब ऑक्सिजन सेन्सर हेही असाच त्रास देतात. नुसत्या लक्षणांवरून सामान विकत घेऊ नका.

डॅशबोर्डवरच्या काट्यावरही फार विसंबू नका. बऱ्याच आधुनिक गाड्यांत तो काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तापमान दहा-वीस अंश हललं तरी तो मध्यावरून हलत नाही. शिवाय काही गाड्यांत, विशेषतः जुन्यांत, दोन वेगळे सेन्सर असतात: एका वायरीचा काट्यासाठी, दोन वायरींचा ईसीयूसाठी. काटा चुकतोय म्हणून ईसीयूचा सेन्सर बदलला तर काही होणार नाही. तुमच्या गाडीत किती सेन्सर आहेत आणि कोणता कशासाठी आहे, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. रेडिएटरच्या बाजूला आणखी एक असू शकतो. काही इंजिनांत कूलंटऐवजी थेट सिलिंडर हेडच्या धातूचं तापमान मोजलं जातं, आणि एअर-कूल्ड इंजिनात बहुधा ऑइलचं.

३. स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड वाचा, पण तो काय म्हणतो ते नीट वाचा

- पी०११५: सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड
- पी०११६: आकडा आहे, पण परिस्थितीशी जुळत नाही
- पी०११७: व्होल्टेज फार कमी, म्हणजे शॉर्टकडे बोट
- पी०११८: व्होल्टेज फार जास्त, म्हणजे ओपनकडे बोट
- पी०११९: सिग्नल मधूनमधून तुटतोय
- पी०१२८: इंजिन थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचतच नाहीये

यातला शेवटचा कोड नवख्यांना हमखास फसवतो. पी०१२८ आला की बऱ्याचदा सेन्सर खरंच बोलत असतो; थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो आणि इंजिन थंडच राहतं. बाकीचे कोडही ‘सर्किट’ म्हणतात. सर्किटमध्ये सेन्सर, दोन वायरी, कनेक्टर आणि ईसीयू सगळेच आले.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून ठेवा: कोड आला तेव्हा वेग किती, आरपीएम किती, तापमान किती. कोड पुसला की हे सगळं जातं, आणि मधूनमधून येणाऱ्या बिघाडात एवढाच काय तो धागा हाती असतो.

४. थंड इंजिनाची चाचणी: सगळ्यात सोपी, सगळ्यात बोलकी

गाडी रात्रभर उभी राहू द्या, उन्हात नको. सकाळी इग्निशन चालू करा, पण इंजिन चालू करू नका. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये दोन आकडे शेजारी घ्या: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान.

रात्रभर थंड झालेल्या गाडीत हे दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत, आणि बाहेरच्या हवेच्याही. तीन-चार अंशांचा फरक सोडून द्या. पण हवा २४ दाखवतेय आणि कूलंट ४५ किंवा ५, तर आकडा खोटा आहे हे तुम्ही बॉनेटला हातही न लावता सिद्ध केलंत. वेगळ्या बनावटीचे दोन घड्याळ एकच वेळ दाखवत असतील तर आपण दोन्हींवर विश्वास ठेवतो, तसंच हे. गाडीत इंजिन ऑइलचं तापमान दिसत असेल तर तेही तिसरा साक्षीदार म्हणून घ्या.

इथे तुमचं मुख्य उत्तर बऱ्याच वेळा मिळून जातं. ही चाचणी घाईने, दुपारी, अर्धवट गरम गाडीवर करू नका. बॉनेटखालची उष्णता मुरलेली असते आणि आकड्यांना अर्थ राहत नाही.

५. तापताना आकडा कसा चढतो ते पाहा

आता इंजिन चालू करा आणि कूलंटचा आकडा बघत राहा. जमल्यास स्कॅनरवर आलेख लावा. रेषा सलग, सावकाश वर जायला हवी. मध्येच ती उणे ४० ला कोसळून परत येत असेल तर वायर किंवा कनेक्टर ढिला आहे. एवढ्या क्षणात कूलंट काही गोठत नाही. एकाच आकड्यावर ती गोठून बसली असेल तर सेन्सर मेलाय किंवा ईसीयूने सिग्नलवरचा विश्वास सोडून स्वतःचा ठरलेला पर्यायी आकडा धरलाय.

बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडू लागतो, तिथे आकडा किंचित थबकतो किंवा थोडा खाली येतो. फॅन त्याहून वर, साधारण ९५ ते १०५ च्या दरम्यान लागतो आणि आकडा काही अंश उतरल्यावर बंद होतो. नेमके आकडे तुमच्या मॅन्युअलमधले धरा.

आकडा खरा आहे का, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने ताडून पाहता येतं. फक्त एक काळजी घ्या: चकचकीत ॲल्युमिनियमवर नेम धरलात तर तो फार कमी तापमान दाखवेल. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. बाहेरचा पृष्ठभाग आतल्या कूलंटपेक्षा काही अंश थंडच असणार. पाच-दहा अंशांचा फरक असला तर सेन्सरला दोष देऊ नका. तीस-चाळीसचा असला तर द्या.

गाडी रस्त्यावर चालवूनही आकडा ६०-७० च्या वर जात नसेल आणि थर्मामीटरही तेच सांगत असेल, तर सेन्सर निर्दोष सुटला. थर्मोस्टॅट बघा.

६. कनेक्टर आणि वायर: इथे वेळ द्या

इग्निशन बंद करा, इंजिन हात लावण्याइतकं थंड असू द्या आणि सेन्सरचा कनेक्टर काढा. लॉक दाबून काढा, वायर ओढून नाही. जुनं प्लास्टिक लगेच तुटतं. आत बघा: हिरवा-पांढरा गंज, वाकलेली पिन, आत ढकलली गेलेली पिन, ओल. कूलंट सेन्सरच्या आतून झिरपून कनेक्टरमध्ये आलं असेल तर मात्र सेन्सर बदलावाच लागेल, दुसरी चाचणी नको.

आता स्कॅनर लावून, इग्निशन चालू, इंजिन बंद:

कनेक्टर काढलेल्या अवस्थेत आकडा उणे ४० कडे जायला हवा. (काही ईसीयू लगेच पर्यायी आकडा दाखवू लागतात, तसं झालं तर पुढची व्होल्टेजची मोजणी करा.) मग वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. बऱ्याच गाड्यांत आकडा ८० अंशांच्या आसपास यायला हवा, २.२ किलोओहम लावल्यावर तो २० ते ३० च्या आसपास यावा. असं झालं तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही चोख आहेत आणि दोष सेन्सरचाच आहे. मला ही चाचणी सगळ्यात जास्त आवडते, कारण तिच्यात एका फटक्यात अर्धं सर्किट निर्दोष सुटतं. ही चाचणी दोन वायरींच्या सेन्सरवरच करा, आणि पिन बरोबर आहेत याची खात्री करून मगच.

आकडा हललाच नाही तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत. मिळाले नाहीत तर काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल प्रोबने एकेक पिन तपासा. आता एका पिनेवर ५ व्होल्ट दिसले तर सिग्नलची वायर ठीक आहे, अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी) वायर कुठेतरी तुटलीय. दोन्हींवर काहीच नाही तर सिग्नलची वायर तुटलीय किंवा शॉर्ट आहे, किंवा ईसीयूतून ५ व्होल्ट निघतच नाहीत. त्याच वेळी दुसऱ्या सेन्सरांचेही कोड आले असतील तर सामाईक ५ व्होल्टची लाइन किंवा सामाईक अर्थ तपासा. एकच गंजलेला अर्थ तीन-चार सेन्सरांना एकदम खोटं बोलायला लावतो.

मधूनमधून येणाऱ्या बिघाडासाठी कनेक्टर परत लावा, इंजिन चालू ठेवा आणि आलेखावर नजर ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हलकेच हलवा, विशेषतः जिथे तो इंजिनावरून बॉडीकडे वळतो तिथे. रेषा उडाली की जागा सापडली. वायरचं आवरण प्रोबने टोचू नका. त्या छिद्रातून ओल शिरते आणि काही महिन्यांनी नवा बिघाड तयार होतो.

७. सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा

कनेक्टर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि सेन्सरच्या दोन पिनांवर लावा. अनेक गाड्यांत साधारण असे आकडे येतात:

- २० अंशांना: २ ते ३.५ किलोओहम
- ४० अंशांना: १ ते १.५ किलोओहम
- ८० अंशांना: ३०० ते ३५० ओहम
- १०० अंशांना: १७५ ते २०० ओहम

हे आकडे दिशा समजण्यापुरते आहेत. प्रत्येक बनावटीचा तक्ता वेगळा असतो आणि निकाल तुमच्या गाडीच्याच तक्त्यावरून लावा. एकाच तापमानाला मोजून थांबू नका. कित्येक सेन्सर थंड असताना बरोबर असतात आणि गरम झाल्यावर भरकटतात. थंड, कोमट, गरम अशा तीन ठिकाणी मोजा. सेन्सर बाहेर काढलाच असेल तर त्याचं टोक पाण्यात बुडवून, शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी हळूहळू तापवा आणि रेझिस्टन्स सलग उतरतोय का ते पाहा. पिना पाण्यात बुडू देऊ नका.

अजून एक फसवी जागा. काही ईसीयू मोजणी जास्त अचूक व्हावी म्हणून इंजिन मध्यम गरम झालं की आतला रेझिस्टर बदलतात. तेव्हा सिग्नलचे व्होल्ट उतरता उतरता एकदम उसळी मारून परत उतरू लागतात. स्कॅनरवरचं तापमान या वेळी सलगच चढत असेल तर हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

८. बदलायचाच झाला तर

थंड इंजिन, खाली भांडं, थोडं कूलंट सांडणार हे गृहीत धरा. सांडलेलं लगेच पुसा: बहुतेक कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे मुलं आणि जनावरं त्याच्याकडे जातात.

नवा सेन्सर पार्ट नंबर जुळवूनच घ्या. आटे तेच आणि कनेक्टर तोच असला तरी आतला तक्ता वेगळा असू शकतो, आणि मग नवाकोरा सेन्सर आयुष्यभर दहा अंश चुकीचा आकडा देत राहतो. घट्ट करताना जोर लावू नका. बॉडी पितळेची किंवा प्लास्टिकची असते आणि समोर ॲल्युमिनियमचे आटे. टॉर्क मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. एका वायरीच्या सेन्सरला आट्यांवर भरपूर टेप गुंडाळू नका, कारण त्याला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

कूलंट रंगावरून नाही, स्पेसिफिकेशनवरून जुळवा. भरून झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हवा काढा.

९. काम झाल्यावर

कोड पुसा आणि गाडी पूर्ण गरम होऊन फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत चालवा. गळती बघा. मग गाडी पुन्हा रात्रभर थंड होऊ द्या आणि चौथ्या पायरीची चाचणी परत करा. कोड पुसल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावरून सुरू होतात, म्हणून पहिल्याच दिवशी दिवा गेला तर खात्री धरू नका. काही दिवस वेगवेगळ्या वेळी चालवून पेंडिंग कोड (बिघाड दिसलाय, पण दिवा अजून लागलेला नाही असा) येतोय का ते पाहा.

हे सगळं करूनही कोड परत आला, किंवा ५ व्होल्टच मिळत नसतील, तर पुढचं काम वायरिंग डायग्रॅम आणि ईसीयूच्या पिनांवर मोजणी करण्याचं आहे. ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणता कोड, फ्रीझ फ्रेममधले आकडे, थंड इंजिनावर कूलंट आणि हवेचा आकडा, कनेक्टरवरचे व्होल्ट, रेझिस्टर लावल्यावर काय दिसलं, आणि सेन्सरचा तीन तापमानांना मोजलेला रेझिस्टन्स. हा कागद हातात असला की तो माणूस पुन्हा सेन्सर बदलण्यापासून सुरुवात करणार नाही.